नऊ इंची भिंत

१

कंपनीला टाळं लागून सहा वर्षं झाली होती, तरी नाना रोज सकाळी डबा घेऊन कंपनीत जायचे.

कंपनीत म्हणजे गेटपर्यंत. सातपूरला त्र्यंबक रोडच्या कडेला ती होती. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढायची. गेटसमोरच्या निलगिरीखाली नाना, त्यांचे दोस्त सावळीराम काका आणि आणखी काही जण सायकली टेकवून बसायचे. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला की उठायचे, कपडे झटकायचे, गेटकडे तोंड करून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की घरी.

"नाना, तिथं आता नुसती कुत्री आहेत," मी म्हणायचे.

"मग त्यांना कोण बघणार?" नाना चपला घालत म्हणायचे.

मखमलाबादला मामाचा फुलांचा मळा होता. 'दाजी, या, लक्ष द्यायला माणूस नाही,' असं मामा दर सणाला म्हणायचा. नाना हसून विषय बदलायचे. आई मामाकडून आलेल्या झेंडूचे हार ओवायची, विकायची, घर चालवायची आणि सकाळी नानांच्या डब्यात भाकरी बांधायची. एक शब्द बोलायची नाही. मला नानांपेक्षा तिचाच राग जास्त यायचा. आमच्या आधीच्या या सगळ्या पिढीला थांबून राहण्याचं व्यसन लागलेलं होतं आणि त्याला ते निष्ठा म्हणत.

नानांच्या उजव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. मी रांगत होते तेव्हा गेली. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबली तरच वरचं धूड खाली येतं. म्हणजे ते येताना दोन्ही हात बाहेरच असतात. पण तसं करत बसलं तर माल कमी निघतो. म्हणून सगळेच एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायचे. एक हात बटणावर, दुसरा पत्रा आत सरकवायला मोकळा. साहेबांना माहीत होतं. साहेब तिकडे बघायचे नाहीत.

"आणि चुकून बटण दाबलं गेलं तर? मध्येच थांबवता येत नाही?" लहानपणी मी विचारलं होतं.

"प्रेस एकदा सुटला की सुटला," नाना म्हणाले होते. "पूर्ण फेरा मारूनच थांबतो."

२

सिंहस्थ जवळ आला होता. यात्रेच्या बस सातपूरवरूनच त्र्यंबकला जाणार, म्हणून उद्योजकांच्या संघटनेला रस्त्याकडेच्या भिंती सजवायच्या होत्या. त्यांना साधू हवे होते, गोदावरी हवी होती, दीपमाळा हव्या होत्या. मी नुकतीच चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडले होते आणि कुणाचंही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"इथं साधू राहत नाहीत, कामगार राहतात," मी त्यांच्या बैठकीत म्हटलं. "जिथं राबले तिथंच त्यांचे हात उमटू द्या. ओल्या गिलाव्यात. कंपनीच्याच भिंतीवर."

टक्कल पडलेले एक साहेब म्हणाले, "मुलगी तडफदार आहे." मला ती भिंत मिळाली. बहुधा दुसऱ्या कुणाला ती नकोच होती.

बैठकीत मी बरंच काही बोलले होते. खरं कारण घरी होतं. त्या संध्याकाळी मी नानांसमोर बसले.

"दोन्ही हात भिंतीत उमटवायचे. तुमची आठवण तिथं कायमची राहील. मग गेटवर जायचं नाही. मामाच्या मळ्यात जायचं. कबूल?"

नानांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "मळ्यात मी काय करू, साधे? फुलं मोजू?"

"कबूल का नाही?"

"कबूल," ते म्हणाले. आईच्या हातातली सुई क्षणभर थांबली, इतकंच.

गिलाव्याच्या दिवशी सगळे अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आले होते. गवंडी भिंतीवर ओला गिलावा थापत पुढे जायचा. मी एकेकाला त्याच्या छातीच्या उंचीवर, खांद्याएवढं अंतर ठेवून दोन्ही पंजे दाबायला लावायचे. सावळीराम काकांना अंगठा नव्हता.

"अंगठ्याबिगर सही कशी करू गं?"

"काका, सही नकोय. हात हवाय."

"सगळ्यांना हातच हवा असतो बाई," काका म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

नाना हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पंजे गिलाव्यात रुतवले आणि डोळे मिटले. मी "झालं" म्हणेपर्यंत काढले नाहीत. उजव्या ठशात दोन बोटांच्या जागी दोन आखूड खळगे उमटले. ते मी स्वतः पाहिले. खाली कोपऱ्यात मी माझं नाव कोरलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिलाव्यावर पाणी मारायला गेले. नानांच्या ठशाशी आले आणि पाइप तसाच हातात राहिला.

उजव्या ठशाला पाच बोटं होती. लांब, नीट, टोकाशी नखाची कडसुद्धा.

पहिलं मनात आलं ते असं की कुणीतरी चेष्टा केली. गिलावा घट्ट व्हायच्या आत आपला हात त्यावर दाबला. पण तसं असतं तर ठसा पसरला असता, कडा फाटल्या असत्या. अंगठ्याखाली नानांना जुना भाजल्याचा व्रण होता. तो तिथं होता, एकच, स्वच्छ. मग वाटलं, मलाच काल नीट दिसलं नसेल. ऊन होतं, घाई होती. मी पुढे गेले. सावळीराम काकांच्या ठशाला अंगठा होता.

ते सगळे निलगिरीखाली बसले होते. नानाही. आजपासून यायचं नाही असं ठरलं असताना.

"हा फालतूपणा कुणी केला?" मी ओरडले. "माझं काम आहे ते! तुम्हाला सहा वर्षांत दुसरं काही सुचलं नाही आणि आता हे सुचलं?"

काका उठून भिंतीशी आले. वाकून ठसा बघितला. "आम्ही कशाला करू? आणि अंगठा आणू कुठून?"

मी नानांच्या ठशात माझी तर्जनी घातली. खळगा माझ्या बोटाहून जाड होता, आणि खोल. आतून ओलसर लागला. पाणी तर मी अजून तिथं मारलं नव्हतं. बोट बाहेर काढलं तर त्यावर काळपट तेल. हुंगून पाहिलं. लहानपणी नानांच्या शर्टाला यायचा तोच वास.

भिंत जुनी आहे, मी मनाशी म्हटलं. विटांनी वर्षानुवर्षं तेल प्यायलं असेल. ओल लागली की बाहेर येणारच. हे पटण्यासारखं होतं. मी स्वतःला ते पुन्हा एकदा समजावलं.

४

भोंगा झाला.

नाना उठले, कपडे झटकले, पण गेटकडे वळलेच नाहीत. भिंतीशी आले आणि आपल्या दोन ठशांत दोन्ही पंजे ठेवले.

धप्.

पायाखालून आल्यासारखा आवाज. निलगिरीवरचे कावळे उडाले नाहीत. रस्त्यावरून ट्रक जात होता, त्याचंच टायर खड्ड्यात आपटलं असणार.

नानांनी हात काढले नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. हरवलेलं पोर गर्दीत सापडल्यावर बापाचा व्हावा तसा.

"हायत," ते म्हणाले.

"काय आहेत?"

"बोटं. गरम हायत." ते हलक्या आवाजात, जणू कुणाची झोप मोडेल असे बोलत होते. "साधे, बाकीचा मी सुटलो गं. ही दोघं अजून ड्यूटीवरच हायत."

"नाना, चला घरी."

"तरी म्हटलं, मला घरी करमत का नाय."

एकेक करून सगळे आले. प्रत्येकानं आपापल्या ठशात हात ठेवले. धप्. थोडा वेळ शांत. धप्. मी रस्त्याकडे पाहत होते. ट्रक नव्हता.

त्या दिवसापासून ते निलगिरीखाली बसेनात. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की भिंतीला हात लावून उभे राहायचे ते दुसऱ्या पाळीच्या भोंग्यापर्यंत. मध्ये डबा खायला तेवढे बाजूला व्हायचे. संघटनेचे साहेब गाडी थांबवून बघून गेले. "लोकांचा प्रतिसाद किती जिवंत आहे बघा," ते मला म्हणाले आणि फोटो काढले.

घरी मी भांडले. कबूल केलं होतं, मी म्हटलं. शब्द दिला होता. नाना जेवत होते, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला. मी तो उचलला तर थंडगार, जड, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"आई, तू तरी बोल!"

आईनं ताटात भाजी वाढली. "कामाला जातोय माणूस," ती म्हणाली. "इतके दिवस नुसता बसायला जात होता."

५

मी शिकलेली होते. आवाज असेल तर त्याला जागा असली पाहिजे, एवढं मला कळत होतं. भर दुपारी मी वॉचमन जयरामला गाठलं आणि गेटातलं छोटं दार उघडायला लावलं.

शेड रिकामी होती. मशीनं केव्हाच विकून झालेली. जमिनीत गंजलेले बोल्ट वर आलेले, मध्ये पत्र्याच्या कातरणांचा चुरा, सगळ्यावर पारव्यांची घाण आणि बोटभर धूळ. धुळीत पाऊल नव्हतं. वीज नव्हती, तारासुद्धा कुणी ओरबाडून नेल्या होत्या.

मी बाहेरच्या भिंतीची आतली बाजू शोधली. उघड्या विटा. सरळ, कोरड्या, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेल्या. हाताचं नाव नाही, तेलाचा डाग नाही. त्या विटांना कान लावून मी उभी राहिले. पलीकडे नाना आणि बाकीचे उभे होते. सावळीराम काकांचं खोकणं ऐकू येत होतं.

धप्.

बाहेर उभं राहिलं की तो आवाज आतून यायचा. आता मी आत होते आणि आवाज बाहेरून आला.

"हा आवाज," मी जयरामला विचारलं, "कुठून येतो?"

"आवाज व्हय? रोजचा हाय की. बाहेर काय तरी चालतंय तुमचं."

"बाहेर काही चालत नाही."

"मग?" जयराम म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं भिंतीकडे नीट पाहिलं. नऊ इंची भिंत. एक वीट आडवी, वर गिलावा. त्यात माणूस सोडा, मांजर मावायचं नाही.

जाळ्यात एक कोळी बसला होता. धप् झालं तरी त्याचा धागासुद्धा हलला नाही. मी झपाझपा चालत बाहेर पडले. पळाले नाही. पळण्यासारखं काही नव्हतंच ना तिथं.

६

सिंहस्थ सुरू झाला. रस्ता बसनी भरून गेला. नाना आता कमी बोलायचे. बोलले तर कामाचं.

"बोटं जरा लांब हायत," एकदा आईला सांगत होते. "नुसती टोकं लागतात. दोन्ही हात गुतलेले, पुढं घालता येत नाय."

"मग कसं करायचं?" आईनं विचारलं, सुनेला माहेरचं विचारावं तशा सहज आवाजात.

"बघतो."

त्यानंतर नाना अंगणात बसून लाकूड तासू लागले. बाभळीचा तुकडा, एक जुनी पटाशी, घासायला काचेचा तुकडा. मी पाहिलं तर ते एक पंजा कोरत होते. उजवा. तळवा, अंगठ्याचा उंचवटा, पाच बोटं. फार सुंदर काम होतं. डाव्या हातात पटाशी आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांत लाकूड धरून केलेलं. मला भरून आलं. या माणसात हे होतं, आणि याला आयुष्यभर पत्रा सरकवायला लावला.

"नाना, तुम्ही आणखी करा. मी प्रदर्शनात ठेवते."

"एक बास हाय," नाना म्हणाले. फुंकर मारून त्यांनी भुसा उडवला आणि पंजा पिशवीत, डब्याशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाना गेल्यावर मी अंगण झाडत होते. भुसा सुपलीत भरताना तासलेल्या लाकडाचा एक तुकडा हाती आला. एका बाजूला जाड, एका बाजूला निमुळता. त्या लाकडी पंजाचा मागचा भाग नाना असाच निमुळता करत होते. का, ते मी विचारलं नव्हतं.

पाचर.

मी लूना काढली. पपया नर्सरीच्या चौकापासूनच बसची रांग लागली होती. कंपनीसमोर रस्त्याच्या अलीकडेच मला गाडी टाकावी लागली. मध्ये बस, जीप, भगवे झेंडे, लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला.

दोन बसमधल्या फटीतून मला पलीकडे दिसलं. नाना भिंतीशी उभे होते. उजव्या ठशात लाकडी पंजा घट्ट ठोकून बसवलेला. डावा तळहात डाव्या ठशात. आणि उजवा हात, त्यांचा खरा हात, दोन्ही ठशांच्या मधोमध, जिथं मी नुसता सपाट गिलावा ठेवला होता, तिथं होता. कोपरापर्यंत. कोपराच्या पुढे मला हात दिसला नाही.

"नाना!"

त्यांनी वळून पाहिलं. मला पाहून मान हलवली. कामात असलेला माणूस हलवतो तशी, 'आलोच' म्हणून.

मध्ये बस आली. खिडक्यांतून बायका 'बम बम भोले' म्हणत होत्या.

धप्.

बस गेली. भिंतीशी नानांच्या चपला होत्या, आणि डबा.

७

पोलीस चौकीत हवालदारानं पेन खाली ठेवलं. "ताई, सिंहस्थ चालू आहे. रोज किती माणसं हरवतात. साधूंच्या मागे गेले असतील. येतील पर्वणी झाल्यावर."

मी नानांचा डबा घेऊन घरी आले.

पर्वण्या झाल्या. साधू गेले, बस गेल्या. सावळीराम काकांच्या घरी मी नानांचं विचारायला गेले, तेव्हा त्यांची बायको शकुबाई दारात बसली होती आणि काका पटाशीला धार लावत होते. मी पटाशी हिसकावून घेतली. खूप बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओशाळं हसले. पुढच्या आठवड्यात त्यांची सायकल भिंतीला टेकलेली होती, आणि उचलायला कुणी आलं नव्हतं.

मग मी घण आणि छिन्नी घेतली. भिंत माझी होती. मी केली होती, मीच फोडणार होते.

सकाळची वेळ होती. भिंतीसमोर आता त्या सगळ्यांच्या बायका उभ्या होत्या, रांगेत, हातात डबे. शकुबाई होती. आई होती. आई कधी घरातून निघाली ते मला कळलंही नव्हतं.

"बाजूला हो," मी म्हटलं.

"ठोकू नको," आई म्हणाली. "लागंल."

"कुणाला लागेल? सिमेंट आहे ते!"

ती बाजूला झाली, आणि मला दिसलं. नानांच्या दोन ठशांच्या मधला सपाट गिलावा आता सपाट नव्हता. आतून बाहेर आलेला एक पंजा होता. उजवा, तळवा माझ्याकडे. अंगठ्याखाली भाजल्याचा व्रण. पाच बोटं.

पावसानं गिलावा फुगतो. पोपडा धरतो, त्याला कसलाही आकार येतो. मी घण उचलला. उचलून धरला. आईनं तो माझ्या हातून सावकाश काढून खाली ठेवला.

"हात लाव," ती म्हणाली. "वाट बघत्यात."

मी हात लावला. गरम होता, रोज दुपारी उन्हातून आलेल्या माणसाचा असतो तसा. अंगठा, अनामिका आणि करंगळी हळूच माझ्या हातावर मिटली. मला शाळेत सोडायला येताना नाना असाच हात धरायचे, तीन बोटांनी. मी ओळखलं. मी रडू लागले. "नाना, चला ना घरी," मी म्हणाले.

मग उरलेली दोन बोटं हलली.

त्या दोघांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मी रांगत होते तेव्हापासून ती इथंच होती. ती माझ्या मनगटावरून फिरली, तळहाताच्या कडेवरून फिरली, बोटांच्या पेरांवर थांबली. माया नव्हती त्यात, रागही नव्हता. पत्रा प्रेसच्या साच्यात सरकवण्याआधी त्याची कड चाचपून बघतात, नीट बसतोय ना, तशी ती मला चाचपत होती.

मग पाचही बोटांची पकड एक झाली आणि मला हलकेच पुढे ओढू लागली.

शेजारच्या कारखान्याचा भोंगा सुरू झाला. बायकांनी डबे खाली ठेवले, पदर झटकले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.